शाळेतला क्लब: पहिल्या बैठकीपासून वही सोपवेपर्यंत

नवं वर्ष सुरू झालं की शाळेच्या सूचनाफलकावर क्लबांची यादी लागते. विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ, पर्यावरण, नाट्य, बुद्धिबळ. उद्घाटन होतं, अध्यक्ष-सचिव निवडले जातात, फोटो निघतो. सहामाही येईपर्यंत यातले बरेचसे क्लब फक्त फलकावर उरलेले असतात. मी माध्यमिक शाळेत शिकवतो, आणि माझ्या हातूनही क्लब असे विझले आहेत. मागे वळून पाहिलं तेव्हा कारण बहुतेक वेळा एकच सापडलं. क्लब कशाबद्दल आहे हे आम्ही ठरवलं होतं, पण येत्या बुधवारी मुलं आली की ती हातानं काय करणार, हे ठरवलं नव्हतं.

म्हणून हा लेख त्या बुधवारापासून सुरू होतो. क्लब काढू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी तो आहे, तसाच आठवी-नववीतल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला स्वतःच पुढाकार घ्यायचा असेल तर त्यांच्यासाठीही आहे.

आधी काम ठरवा, नाव मागाहून

‘खगोल मंडळ’ हे नाव झालं. ‘सलग चौदा संध्याकाळी गुरूचे चार चंद्र कुठे दिसतात ते वहीत काढायचं’ हे काम झालं. नावानं मुलं पहिल्या दिवशी येतात, कामानं पाचव्या आठवड्यातही येतात.

हेच काम घ्या. गॅलिलिओनं ७ जानेवारी १६१० रोजी गुरूच्या शेजारी तीन ठिपके पाहिले, चौथा त्याला १३ जानेवारीला दिसला. ठिपके रोज जागा बदलत होते आणि तो रोज टिपून ठेवत होता. दहापट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण भिंतीवर किंवा तिपाईवर घट्ट टेकवली, तर आजही हे चंद्र दिसतात. त्यांतला आयो साडेबेचाळीस तासांच्या आसपास एक फेरी पुरी करतो, म्हणजे आज डावीकडे दिसलेला ठिपका उद्या उजवीकडे असू शकतो. मुलगी दोन आठवडे रोज एक ओळ काढते आणि अखेरीस त्या ओळी एकाखाली एक ठेवते, तेव्हा कागदावर लाटा उमटतात. मग तिला ग्रह आणि उपग्रह यांवर भाषण द्यावं लागत नाही. असं काम निवडताना एवढंच पाहा की गुरू त्या काळात संध्याकाळच्या आकाशात आहे. आणि एक नियम पहिल्याच दिवशी मोठ्या अक्षरांत लिहा: दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही, क्षणभरही पाहायचं नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो.

दुर्बीण नसेल तर काठी आहे. मैदानात एक मीटरची काठी सरळ रोवायची आणि माध्यान्हाच्या आसपास दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूनं टिपायचं. सर्वांत आखूड सावली मिळाली की सूर्याचा कोन काढता येतो. आता उत्तरेला किंवा दक्षिणेला दूर असलेल्या दुसऱ्या शाळेतल्या मुलांनी त्याच दिवशी हेच केलं, तर दोन कोनांतला फरक आणि दोन शाळांमधलं उत्तर-दक्षिण अंतर यांवरून पृथ्वीचा परीघ काढता येतो. एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानं बावीसशे वर्षांपूर्वी हेच केलं होतं. त्याला आलेला फरक वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा होता. पडताळा घ्यायला एवढं लक्षात ठेवा: एका अंशाला उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १११ किलोमीटर पडतं. मुलांचं उत्तर दहा टक्क्यांनी चुकलं तरी चालेल. ते का चुकलं याच्या चर्चेत पुढची अख्खी बैठक रंगते.

निसर्ग क्लबाचंही असंच. वृक्षारोपणाचा एक दिवस आणि नंतर शुकशुकाट, यापेक्षा दर आठवड्याला त्याच जागी उभं राहून पंधरा मिनिटं पक्षी मोजणं फार बरं. हौशी माणसांच्या अशा मोजणीला मोठी परंपरा आहे. १९०० सालच्या नाताळात अमेरिका आणि कॅनडात मिळून २७ जणांनी पक्ष्यांची शिकार करण्याऐवजी ते मोजायला घेतले. ती गणना अजून दर वर्षी होते आणि पक्ष्यांची संख्या कशी बदलली हे समजायला अभ्यासकांना उपयोगी पडते. १९९८पासून दर फेब्रुवारीत चार दिवसांची आणखी एक गणना होते. तिच्यात कुणीही किमान पंधरा मिनिटं पक्षी मोजून आपली नोंद पाठवू शकतं. आपली नोंद कुणाच्या तरी कामाची आहे हे कळलं, की मुलं आळस करत नाहीत. हा माझा पक्का अनुभव आहे.

तेव्हा कसोटी अशी लावा: क्लबाचं काम एका वाक्यात सांगता येतं का, ते दर आठवड्याला करता येतं का, आणि त्यातून काहीतरी उरतं का? नोंद, चित्र, अंक, खेळलेला डाव, काहीही चालेल. तिन्हींची उत्तरं ‘हो’ आली तर पुढे जा.

तीन मुलं पुरेत

तीस नावांची यादी मिळाली म्हणून हुरळून जाऊ नका. सुरुवातीला ज्यांना खरंच हे काम करावंसं वाटतं अशी तीन मुलं हवीत. त्यांच्यासोबत बसून एका पानावर लिहा: काम काय, दिवस कोणता, वेळ किती, जागा कुठली, कोण येऊ शकतं, साहित्य काय लागेल. एका पानात मावत नसेल तर विचार अजून पिकलेला नाही.

हेच पान घेऊन मुख्याध्यापकांकडे जायचं. विद्यार्थी असाल तर आधी एक शिक्षक सोबत घ्या, पण बोलणं तुम्हीच करा. मुख्याध्यापकांच्या मनात असलेले प्रश्न साधे असतात: खोलीची किल्ली कुणाकडे, मुलं घरी किती वाजता पोचणार, खर्च कोण करणार, परीक्षेच्या दिवसांत काय. त्यांची उत्तरं त्या पानावर आधीच असली, तर परवानगी बहुधा तिथल्या तिथे मिळते. वर्षभराची मागू नका, आठ आठवड्यांची मागा. छोट्या मुदतीला ‘हो’ म्हणणं सोपं जातं, आणि आठ आठवड्यांचं काम दाखवलं की पुढची परवानगी मागण्याची वेळच येत नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र काटकसर नको. मोठ्या माणसानं एकट्या मुलासोबत बंद दाराआड बसायचं नाही. दार उघडं, खिडकी मोकळी. शाळेबाहेर जायचं असेल तर पालकांची लेखी संमती, किमान दोन मोठी माणसं, निघताना आणि परतताना हजेरी. मुलांशी फोनवरचे निरोप सगळ्यांच्या गटात, कुणाला खासगीत नाही. आकाशनिरीक्षण उशिरापर्यंत चालणार असेल, तर कुणाला कोण न्यायला येणार हे नावानिशी लिहून ठेवा. एखाद्या मुलाला न्यायला कुणी येऊ शकत नसेल, तर त्यानं क्लब सोडावा असं होऊ देऊ नका. बैठक लवकर घ्या.

दिवस, वेळ आणि तासाची मांडणी

दिवस आणि जागा बदलू नका. ‘या आठवड्यात गुरुवारी, पुढच्या आठवड्यात बघू’ असं दोनदा झालं की क्लब संपलाच समजा. शाळा सुटल्यावर ज्यांची बस लगेच निघते, ज्यांना धाकट्या भावंडांना सांभाळायचं असतं, ती मुलं संध्याकाळच्या क्लबात कधीच दिसत नाहीत, आणि आपण समजतो की त्यांना आवड नाही. दिवस ठरवण्याआधी त्यांना विचारा. कित्येकदा मधल्या सुट्टीतली चाळीस मिनिटं शाळेनंतरच्या दोन तासांपेक्षा जास्त मुलांना सोयीची पडतात.

पूर्ण तास मिळत असेल तर माझी मांडणी अशी असते: पहिली पाच मिनिटं मागच्या वेळचं काय झालं ते, चाळीस मिनिटं काम, दहा मिनिटं केलेलं एकमेकांना दाखवणं, शेवटची पाच मिनिटं वहीत नोंद आणि पुढच्या वेळी कोण काय आणणार ते. चाळीस मिनिटांना कुणालाही हात लावू देऊ नका, सूचनांनाही नाही आणि पाहुण्यांनाही नाही.

पहिली बैठक

पहिल्या बैठकीत दहाव्या मिनिटाला मुलांच्या हातात काम असलं पाहिजे. ओळख-परेड, उद्दिष्टं, शिस्तीचे नियम हे सगळं मागाहून आपोआप येतं. बुद्धिबळ असेल तर पट आधीच मांडून ठेवा. वादविवाद असेल तर फळ्यावर विषय लिहिलेला हवा. भित्तिपत्रक असेल तर पहिली बातमी आणायला जोडी-जोडीनं शाळेत सोडून द्या: ‘वीस मिनिटांत अशी एक गोष्ट शोधून आणा, जी या खोलीत कुणालाच माहीत नाही.’

दाराजवळ घुटमळणारं एखादं मूल असतंच. मैत्रिणीसोबत आलेलं, आत यावं की नाही या विचारात. तीन संस्थापक मुलांपैकी एकाला फक्त त्याच्याकडे लक्ष ठेवण्याचं काम द्या. त्याला नावानं बोलवायचं, शेजारी जागा करायची. पुढे क्लब अंगावर घेणारी मुलं मला बरेचदा याच दाराजवळ सापडली आहेत.

पदं नकोत, जबाबदाऱ्या हव्यात

पहिले दोन महिने अध्यक्ष निवडू नका. पहिल्या आठवड्यातली निवडणूक लोकप्रियतेची होते. कोण काम करतं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसतं. त्याऐवजी कामं वाटा: खोली उघडणं, वही लिहिणं, साहित्य मोजून परत ठेवणं, गैरहजर मुलांची विचारपूस. दर महिन्याला ती फिरवा. दोन महिन्यांनी कोण कशात रमतं ते सगळ्यांना दिसतं, आणि निवडणूक घ्यायचीच असेल तर ती समजून-उमजून होते.

मुलं पंधराच्या वर गेली तर तुकड्या करा. स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर मुलांचं पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं तेव्हा सुमारे वीस मुलं होती, आणि एवढ्यांच्याही त्यांनी चार तुकड्या केल्या होत्या. प्रत्येक तुकडीला तिच्यातलाच एक नायक. श्रीमंतांच्या शाळांतली आणि कामगार घरांतली मुलं त्यांनी मुद्दाम एकत्र आणली होती. पाच-सहा जणांच्या तुकडीत कुणालाही लपून बसता येत नाही, आणि कुणी आलं नाही तर ते जाणवतं. तुकड्या मुलांवर सोडल्या तर जुने मित्रच एकत्र बसतात. पहिल्या वेळी त्या तुम्ही करा, वर्ग आणि इयत्ता मिसळून.

बुद्धिबळ: बाद पद्धत टाळा

या क्लबावर थोडं रेंगाळतो, कारण इथे स्पर्धेची पद्धत चुकली की मुलं हमखास गळतात. सोळा मुलांची बाद पद्धतीची स्पर्धा घेतली, तर पहिल्या फेरीतच आठ जण बाहेर. म्हणजे ज्यांना सरावाची सर्वांत जास्त गरज, ते एकच डाव खेळून घरी.

मुलं थोडी असतील तर साखळी पद्धत घ्या, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक डाव. सहा जणांचे १५ डाव होतात, आठ जणांचे २८. आठ जणांना चार पट पुरतात आणि सात फेऱ्या लागतात. दर आठवड्याला एक फेरी धरली तर जवळजवळ दोन महिन्यांचं काम झालं. मुलं जास्त असतील तर स्विस पद्धत. ती १८९५ मध्ये झुरिकच्या एका स्पर्धेत पहिल्यांदा वापरली गेली. कुणीही बाद होत नाही, दर फेरीत सारख्या किंवा जवळपासच्या गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात, आणि एकदा खेळलेली जोडी पुन्हा लागत नाही. सोळा-वीस मुलांना पाच फेऱ्या पुरतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर कच्च्या खेळाडूसमोर कच्चाच खेळाडू येतो, आणि त्याच्या वाट्यालाही विजय येतो. जोड्या लावायचं गणित मुलांनाच करू द्या. खेळात मागे असलेल्या मुलांनी पंच म्हणून फार चांगलं काम केलेलं मी पाहिलं आहे.

प्रत्येक डाव लिहून ठेवण्याची सवय लावा. हरलेला डाव पुन्हा मांडून ‘कुठे चुकलं’ ते जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याला दाखवायचं. या वीस मिनिटांत जेवढं शिकणं होतं तेवढं पुढच्या तीन डावांत होत नाही.

वादविवाद: आठ मिनिटांवरून दोन मिनिटांवर या

शालेय गटाची जागतिक वादविवाद स्पर्धा १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झाली. तिच्या पद्धतीत प्रत्येक बाजूची तीन भाषणं असतात, प्रत्येक आठ मिनिटांचं, आणि शेवटी चार मिनिटांचं उत्तराचं भाषण. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मधल्या वेळात समोरची बाजू उभी राहून प्रश्न टाकू शकते. पद्धत उत्तम आहे, पण नवख्या मुलाला आठ मिनिटं म्हणजे डोंगर. तो पाठ करून येतो, आणि पाठांतर सुरू झालं की वादविवाद संपला.

दोन मिनिटांपासून सुरुवात करा: एक मुद्दा, त्याचं कारण, एक उदाहरण. समोरच्यानं आपलं बोलण्याआधी ‘तुझं म्हणणं असं आहे ना’ म्हणून त्याचा मुद्दा सांगायचा, आणि मूळ बोलणाऱ्यानं ‘हो, असंच’ म्हटल्यावरच पुढे जायचं. सुरुवातीला यालाच निम्मा वेळ जातो. जाऊ द्या. मग त्याच विषयावर बाजू बदला. विषय मुलांच्या आवाक्यातले घ्या, गृहपाठ असावा का, गणवेश असावा का. कुणाच्या धर्मावर, जातीवर, घरावर ओरखडा उठेल असा विषय शिकाऊ गटात घेऊ नका. तिथे मूल मुद्दा मांडत नाही, स्वतःला वाचवत असतं.

भित्तिपत्रकाबद्दल थोडक्यात दोनच नियम. प्रत्येक बातमी दोन जणांकडून पडताळायची, आणि ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला नावाचं शुद्धलेखन दाखवायचं. चूक झाली तर पुढच्या अंकात ठरलेल्या चौकटीत दुरुस्ती.

इथे माझी एक चूक सांगतो. मुलांचं अक्षर बरं दिसेना म्हणून एका अंकाचं शेवटचं हस्तलिखित मी स्वतः लिहून काढलं. अंक देखणा झाला, सगळ्यांनी कौतुक केलं. पुढच्या अंकासाठी एकाही मुलानं लेख दिला नाही. मी विचारलं तर एक मुलगी म्हणाली, “सर, तो तुमचा अंक होता ना.” त्या दिवसापासून मुलांच्या कामाला मी पेन लावलेलं नाही.

पैसा आणि साहित्य

क्लब फुकट असावा. वर्गणी थोडीशी असली तरी ती देऊ न शकणारं मूल कारण सांगत नाही, नुसतं यायचं थांबतं. साहित्य शाळेतलं वापरा, मागून आणा, दुरुस्त करा. काही खर्च झालाच तर एक वही: तारीख, रक्कम, कशासाठी, पावती चिकटवलेली, आणि दोघांच्या सह्या, एक मुलाची, एक शिक्षकाची. ही वही कुणीही केव्हाही पाहू शकतं, हे पहिल्यांदाच जाहीर करा.

तिसरा महिना

नव्याची नवलाई ओसरते, चाचण्या येतात, वीसची बारा आणि बाराची सात होतात. हा प्रत्येक क्लबाचा घाट आहे. इथे दोन गोष्टी करा. परीक्षेच्या आठवड्यांत बैठक लहान करा, बंद करू नका. वीस मिनिटं भेटा, एक नोंद करा, उठा. आणि न आलेल्या मुलाकडे दुसऱ्याच दिवशी क्लबातल्या मुलानं जावं, शिक्षकानं नाही. विचारायचं एवढंच: “काल तू नव्हतास, तुझी ओळ रिकामी राहिली. ये ना पुढच्या वेळी.” जाब विचारायचा नाही. कुणाला खरंच सोडायचं असेल तर त्याला सहज सोडू द्या, परत येण्याची वाट मोकळी ठेवा.

याच सुमारास कुणीतरी आंतरशालेय स्पर्धेचं पत्रक घेऊन येतं. स्पर्धेला जरूर जा, पण क्लब स्पर्धेच्या दावणीला बांधू नका. चार जणांचा संघ निवडला की उरलेली मुलं प्रेक्षक होतात, आणि स्पर्धा संपली की संघही पांगतो. नियम ठेवा: स्पर्धेची तयारी वेगळ्या दिवशी, बुधवार सगळ्यांचा.

भांडणंही याच महिन्यात होतात. लगेच मध्ये पडू नका. दोघांनी आपापलं म्हणणं वहीच्या एकेका पानावर लिहावं, आठवड्यानं तुकडीसमोर वाचावं. बरंचसं तोपर्यंत निवलेलं असतं. पण कुणाला चिडवलं जातंय, वेगळं पाडलं जातंय असं दिसलं, तर आठवडा थांबू नका. त्याच दिवशी तुम्ही बोला, आणि गरज पडली तर पालकांशीही.

सोपवणं

दहावीची मुलं गेली आणि क्लब गेला, असं मी दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा ती मुलं फार हुशार होती, सगळं एकहाती चालवत होती, आणि मी त्याच आनंदात होतो. आता वर्ष संपायच्या आठ आठवडे आधीच बदल सुरू करतो. पहिले दोन आठवडे धाकटी मुलं मोठ्यांच्या शेजारी बसून बघतात. पुढचे तीन आठवडे काम धाकटी करतात, मोठी शेजारी. शेवटचे तीन आठवडे मोठी मुलं मागच्या बाकावर, आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. मोठ्या मुलांना हे फार जड जातं. त्यांना आधीच सांगून ठेवा की जड जाईल.

आणि वही. तिच्यात पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी हे लिहिलेलं असावं: खोलीची किल्ली कुणाकडे असते आणि ती मागताना काय सांगायचं, कोणत्या पटाचा उंट हरवला आहे, दुर्बीण कुणाकडून आणली आणि ती केव्हा परत करायची, कोणते विषय रंगले, कोणते फसले, आणि पहिल्या बुधवारी नेमकं काय करायचं. हे शेवटचं पान मोठी मुलं लिहितात, धाकटी वाचतात, आणि जे समजलं नाही ते त्याच पानावर समासात लिहून विचारतात. समासातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं लिहून झाली की किल्ली द्यायची.